विजयाबाईंची आरास

माणसाचे हात अडले की काय होतं ते मी विजयाबाईंच्या घरी पाहिलं. अडलेले हात सुटले की काय होतं तेही तिथंच पाहिलं, आणि खरं सांगायचं तर ते दुसरं जास्त वाईट होतं. फार विचार करू नये, मनात येईल ते करून टाकावं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना एकदा त्या घरातल्या मुलीशेजारी नेऊन बसवायला हवं होतं.

मी साताऱ्याची. लग्न होऊन ग्वाल्हेरला आले ती थेट लश्कर नावाच्या पेठेतल्या दाना ओलीत, म्हणजे गल्लीत. संस्थान जाऊन मध्यभारत झालं त्याला तेव्हा चार-पाच वर्षं उलटून गेली होती, पण आमच्या गल्लीतल्या बायकांना ते कोणी कळवलंच नसावं. नवरे इंदूरहून आलेल्या साहेबांच्या हाताखाली खालमानेनं फायली उचलत होते आणि घरी बायका अजून कोणाचा मान पहिला, कोणाचा दुसरा यावरून रुसत होत्या. त्यांच्या मराठीनं मी आधी गांगरलेच. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी विचारलं, 'काय करून राहिलीस?' मी म्हटलं, काही केलं नाही हो मी. त्या हसल्या आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर सांगून आल्या.

या माझ्या सासूबाई, इंदुताई. देवानं त्यांना सरळ नाक आणि सरळ बोलणं यातलं काहीच दिलं नव्हतं. नाक पुढं येऊन खाली वळलेलं, आणि बोलणं असं की ऐकणारीला घरी गेल्यावर कळावं, आपला अपमान झाला. गल्ली त्यांना भ्यायची. मीही भ्यायचे.

समोरच्या घरात विजयाबाई राहायच्या. नवरा मुकुंदराव, मुलगी सुनंदा, आणि बाकी कोणी नाही. मुकुंदराव पूर्वी दरबारच्या फरासखान्यात कारकून होते. तंबू, गालिचे, पडदे, झालरी सांभाळणारं ते खातं. आता तुम्ही म्हणाल, फरासखान्याचा आणि विजयाबाईंचा काय संबंध? तर सगळा संबंध तोच होता.

साताऱ्याला आम्ही चैत्रगौरीपुढे कलिंगडाचं कमळ कापून ठेवायचो, करंज्या-लाडू मांडायचो आणि मोकळ्या व्हायचो. ग्वाल्हेरात चैत्र म्हणजे लढाई. कोणाच्या घरची आरास कशी झाली यावर त्या घराची वर्षाची पत ठरायची. आणि संस्थान होतं तोवर ही लढाई दरसाल विजयाबाईच जिंकत. दसऱ्याची स्वारी मांडत त्या. शाडूचे हत्ती, त्यांच्यावर खऱ्या जरीच्या झुली, मखमलीचे बोटभर तंबू, आणि गौरीवर चांदीची छत्री. फरासखान्यातले जुने दारोगे गौरीसाठी म्हणून ही कातरण, या झालरी, ती छत्री चार दिवस खुशीनं देत असत. आरास पाहायला लोक किल्ल्याच्या पायथ्यापासून चालत येत, असं मला सगळ्यांनी सांगितलं. मी मात्र त्यातलं काही पाहिलं नाही.

कारण मग विलीनीकरण आलं, खातं मोडलं, सामानाला कुलूप लागलं आणि मुकुंदराव नव्या सरकारच्या कुठल्याशा कचेरीत टेबल-खुर्च्या मोजायला बसले. तिकडे फरासखान्याला कुलूप लागलं आणि इकडे विजयाबाईंच्या हातांना. पहिल्या वर्षी त्यांनी जुन्याच हत्तींवर कसर लागलेल्या झुली घातल्या. दुसऱ्या वर्षी हत्तीच काढले नाहीत, नुसते तंबू. पुढे तेही गेले. मी आले त्या वर्षी गौरीपुढे फराळाची ताटं होती आणि मागे एक शेला ताणून बांधला होता. सासूबाई शेल्याकडे बघून म्हणाल्या, 'छान. सफाई करायला सोपं.'

फाल्गुन लागला की विजयाबाई आराशीच्या रिकाम्या पायऱ्या मांडून त्यांच्यापुढे पाटावर बसायच्या. मी लोणच्याची वाटी द्यायला म्हणून जायचे, तर त्या तशाच बसलेल्या. मुकुंदराव म्हणायचे, किल्ला कर. त्या म्हणायच्या, किल्ला तर रोज दिसतो, त्याला काय बघायला येतील? सुनंदा म्हणायची, झोपाळा कर. कोणी म्हणे समुद्रमंथन कर. आमच्या घरी एकदा सासूबाईंनी चंबळच्या धरणाची आरास केली होती, निळा कागद आणि कापसाचा फेस, आणि गल्लीनं तोंडात बोटं घातली होती. विजयाबाई ते धरण पाहून घरी गेल्या आणि दोन दिवस जेवल्या नाहीत.

मी एकदा म्हटलं, 'काकू, काहीतरी सुरू तर करा. सुचेल पुढं.'

'असं नाही होत गं. आधी डोक्यात सगळं दिसायला पाहिजे. पहले सगळं दिसायचं, अगदी शेवटच्या झालरीपर्यंत. आता बिलकुल दिसत नाही.' आणि मग हळूच म्हणाल्या, 'ती सगळी मखमलच होती का गं? मी काहीच नव्हते का?'

बाई रडत नव्हती, नुसती विचारत होती.

पुढच्या चैत्रात त्यांनी जे केलं ते आपल्याच लोकांना सुचू शकतं. हळदीकुंकू आज करते, उद्या करते म्हणत अक्षय तृतीया तोंडावर आली, आणि एका सकाळी निरोप आला की घरात सुतक आहे. बडोद्याचे चुलत दीर, मधुसूदन, वारले. सुतक म्हटल्यावर हळदीकुंकू नाही, आरास नाही, कोणी बोटही दाखवू शकत नाही. मुकुंदरावांना ही गोष्ट आधी माहीत होती की नंतर कळली, ते मला आजवर समजलेलं नाही. पण बिचारे दाढी वाढवून कचेरीत गेले. सासूबाई दारातूनच समाचाराला जाऊन आल्या. 'उमर तरी काय होती,' म्हणाल्या. त्या दिवशी त्या खरोखर हळहळल्या होत्या.

श्रावणात एक टांगा गल्लीत शिरला. त्यातून एक गोरे गुटगुटीत गृहस्थ उतरले आणि नेमके आमच्याच ओट्याशी येऊन विचारते झाले, 'मुकुंदरावांचं घर हेच का?'

'समोरचं,' सासूबाई म्हणाल्या. 'आपण?'

'मी मधुसूदन. बडोद्याचा. चुलतभाऊ त्यांचा.'

सासूबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग आत वळून मला सांगितलं, 'पाणी आण गं. पाहुणे फार दुरून आले आहेत.' आणि ते पाणी पीत असताना अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, 'चैत्रात तुमचं सुतक झालं इथं. पूर्ण दहा दिवस. काही कसर नाही ठेवली हो.'

मधुसूदन सज्जन होते. पाणी संपवून समोर गेले, दोन दिवस राहिले, जेवले, हसले आणि परतले. पण गल्लीला वर्षभराची शिदोरी मिळाली. विजयाबाई देवळात भेटल्या तर कोणीतरी विचारणार, 'घरी सगळे ठीक ना? जिवंत ना?' त्या एखाद्या बारशाला गेल्या नाहीत तर, 'सुतक असेल.' शेवटी त्यांनी जाणंच सोडलं. मला त्या बायकांचा राग यायचा. घरी येऊन मी भांडी आपटायचे, तेवढंच.

आणि त्याच सुमाराला सुनंदेचं स्थळ आलं.

जनकगंजातल्या शांताताई, वकिलाची बायको. मुलगा भालचंद्र, शिकून नुकताच चांगल्या नोकरीला लागलेला. शांताताई भरल्या अंगाच्या, बोलायला काटेरी, आणि त्यांची मुली पाहायची एक रीत होती. मुलीच्या हनुवटीखाली अंगठा लावायच्या, तोंड वर करायच्या आणि उजेडाकडे फिरवायच्या. खरबूज पिकलं आहे का बघतात, तसं. लश्करातल्या कितीतरी मुलींच्या हनुवटीखाली तो अंगठा येऊन गेला होता, आणि प्रत्येक वेळी शांताताई 'बघू' म्हणून उठल्या होत्या. सुनंदेचं तोंड फिरवून झाल्यावर मात्र त्या 'बघू' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, 'मुलगी पसंत आहे. घराबद्दल जरा काय काय ऐकून राहिले मी. तर यंदा तुमच्या हळदीकुंकवाला येते. घर बघते, आरास बघते. मनासारखं असलं तर तिथंच हिच्या हातावर नारळ ठेवते. मग पक्कं समजा.'

घर बघते म्हणजे काय, ते सगळ्यांना कळलं. मेलेले दीर दोन दिवस जेवून गेलेलं घर होतं ते.

सुनंदेला हे लग्न हवं होतं. नुसतं आईबापांचं ओझं उतरावं म्हणून नव्हे, तिला तो मुलगा आवडला होता. 'तो हसतो ना, तो चश्मा निकालकर हसतो,' एवढंच तिनं मला सांगितलं, पण नळावर भेटेल तेव्हा तेवढंच सांगितलं. वय एकोणीस-वीस, उंच, जराशी पुढं झुकून चालणारी. त्या वर्षी पहिल्यांदाच ती ताठ चालताना मी पाहिली.

म्हणजे सगळं त्या आराशीवर येऊन ठेपलं, आणि विजयाबाई पुन्हा रिकाम्या पायऱ्यांपुढे बसल्या. हळदीकुंकू दुसऱ्या दिवसावर आलं तरी पायऱ्यांवर काही नव्हतं. मी डाळीसाठी कैऱ्या किसायला म्हणून गेले होते. सुनंदा हरभरे निवडत होती आणि आईकडे बघायचं टाळत होती. तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. उंबऱ्याच्या आत पाऊलही न टाकता त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, 'काय विजया, यंदा कोणाला मारलं?'

आणि गेल्या.

विजयाबाईंच्या हातात एक कैरी होती. त्या तिच्याकडे बघत राहिल्या. कैरीला टोक असतं ना, पुढं येऊन खाली वळलेलं. विजयाबाईंनी करंडा उघडला, कैरीच्या कपाळाला कुंकू टेकवलं, टोकाखाली दोन मोती ओवलेली तार खोचली आणि कैरी माझ्यापुढे धरली.

'बघ गं.'

माझ्या सासूबाई होत्या त्या. अगदी, अगदी त्याच. मी तोंडात पदर कोंबला, तरी हसू फुटलंच.

विजयाबाई हसल्या नाहीत. त्या उठल्या. पाटावरून अशा उठल्या की पाट उलटला. कैरी पहिल्या पायरीवर ठेवली, मागे सरून पाहिली आणि टोपलीतल्या भाज्या जमिनीवर ओतल्या. 'लांब वांगं दे,' म्हणाल्या. मी दिलं. त्याचं देठ त्यांनी अर्धं सोलून खाली पाडलं आणि कोपऱ्यावरच्या कारखानीसबाई झाल्या, पदर नेहमी घसरलेला असायचा त्यांचा. दुधीची झाली डॉक्टरीणबाई. कारल्याला त्यांनी नुसतं कुंकू लावलं, दुसरं काहीच करावं लागलं नाही. सुनंदाही आधी हसत होती. 'आई, आता टिंड्याची कोण?' तिनं एक गोल ढेमसं पुढं करून विचारलं. 'थांब, मला माहीत नाही. हाताला माहीत आहे,' विजयाबाई म्हणाल्या. मला त्यांचं ते वाक्य नेहमी आठवतं. वर्षानुवर्षं डोक्यात काही दिसायची वाट बघणारी बाई आता डोक्याला विचारतच नव्हती.

भाज्या संपल्या तेव्हा त्यांनी मला आणि सुनंदेला बाजारात पिटाळलं. 'नुसती भाजी आणू नका,' म्हणाल्या, 'तोंडं आणा.'

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले आणि दारातच थबकले. पायऱ्यांवर दाल बाजार उभा होता. पेढ्या, गाद्या, तुरी-मुगाच्या बोटभर गोण्या, आणि सगळीकडे आमच्या गल्लीतल्या बायका. भाव करताहेत, एकमेकींच्या कानाला लागताहेत, दुसरीच्या पिशवीत डोकावताहेत. मखमलीचा एक तुकडा नाही, जर नाही. पण जीव असा, की भाज्या माझ्याकडे वळून काहीतरी बोलतील असं वाटलं. मधोमध एक मोठा तराजू होता. एका पारड्यात मापं. दुसऱ्या पारड्यात कणकेची एक मुलगी, मान खाली घालून उभी. आणि तराजूशेजारी एक फणस, ज्याला तिकडे कटहल म्हणतात, हिरवागार, भरल्या अंगाचा, काट्याकाट्यांचा, नाकात नथ. आल्याचा एक जाडजूड तुकडा त्याला हात म्हणून लावला होता, आणि त्या आल्याचा अंगठा मुलीच्या हनुवटीखाली होता.

सुनंदा भिंतीला टेकून उभी होती. तिचे डोळे सुजले होते.

'वहिनी, तुम्ही सांगा ना आईला,' ती मला म्हणाली. 'सगळं राहू दे. बस ये एक हटा दे. त्या आज येणार आहेत. माझी शादी आहे, आई, तमाशा नाही.'

विजयाबाईंनी फणस उचलला. खरंच उचलला, मी साक्षीला आहे. त्या जागी त्यांनी एक भोपळा ठेवला आणि मागे सरल्या. आम्ही तिघींनी पाहिलं. बाजार मेला होता. कारलं कारलं झालं, वांगं वांगं झालं. का ते मला सांगता येणार नाही, पण सुनंदेनंही ते पाहिलं, कारण तिनं डोळे मिटून घेतले.

विजयाबाईंनी भोपळा काढला आणि फणस पुन्हा जागेवर ठेवला.

'कोणी स्वतःला ओळखत नाही गं,' त्या मुलीला म्हणाल्या. 'बघशील तू. सगळ्या दुसरीला ओळखतील. फिकर करू नको.'

आणि तसंच झालं, हेच तर भयंकर आहे. बायका आल्या आणि पायऱ्यांपुढे दाटल्या. मग कारखानीसबाईंना डॉक्टरीणबाई दिसल्या, डॉक्टरीणबाईंना कारलं दिसलं, आणि हसण्याचा असा लोंढा उठला की गल्लीतली माणसं खिडकीशी आली. सासूबाई कैरीपुढे उभ्या राहून डोळे पुसत म्हणाल्या, 'ही भोचक कोण आहे गं? ओळखीची वाटून राहिली.' त्यांना हसू आवरेना म्हणून बाकीच्याही हसल्या. वर्षभर ज्या बाईला त्यांनी टोचून टोचून घरात बसवलं होतं, तिचा हात धरून 'वा विजया, वा' म्हणत होत्या. विजयाबाई पन्हं देत फिरत होत्या. एवढ्या सुखात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

शांताताई उशिरा आल्या. हातात पिशवी, आणि पिशवीत नारळ. त्याची गोलाई बाहेरून दिसत होती आणि सगळ्यांची नजर तिथंच गेली. सुनंदेनं वाकून नमस्कार केला. शांताताई आराशीपुढे उभ्या राहिल्या आणि त्याही हसायला लागल्या. एकेक बाई ओळखत गेल्या, अंग हलवून हलवून हसल्या, आणि मग तराजूपाशी थांबल्या.

'अच्छा, आणि ही बया कोण?'

खोली गप्प झाली. शांताताईंना वाटलं, मजा वाढवायला गप्प झाल्या. त्या सुनंदेकडे वळल्या, लाडानं तिच्या हनुवटीखाली अंगठा लावला आणि तिचं तोंड उजेडाकडे करून म्हणाल्या, 'तू सांग बरं. कोण ही?'

तो अंगठा तिथं, आणि मागे पायरीवर तो आल्याचा. कोणीतरी हसलं. माझ्या सासूबाईच होत्या. तेवढ्या हसण्यानं शांताताईंची नजर आपल्या हाताकडे गेली. हातावरून ती आल्याच्या अंगठ्यावर गेली, तिथून फणसावर. मी त्यांचा चेहरा बघत होते. राग नव्हता त्यावर. आपण अशा दिसतो हे पन्नाशीच्या बाईला पहिल्यांदा कळलं होतं.

त्यांनी हात काढून घेतला. पन्हं मागितलं, शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या, पदरात हरभरे घेतले. दारात विजयाबाईंना म्हणाल्या, 'आरास फारच सुंदर झाली हो. हातात कला आहे तुमच्या.' आणि पिशवी काखेत धरून निघून गेल्या.

भाज्या टाकायच्या कशा? त्या रात्री समोर फणसाची भाजी झाली. मी ताटवाटी परत द्यायला गेले तर तिघं जेवायला बसलेली. विजयाबाई रडत होत्या, घास हातात धरून नुसत्या रडत होत्या. मुकुंदराव समजूत घालत होते, निरोप अजून यायचाय, काय सांगावं. सुनंदा शांतपणे जेवत होती. तिनं आईकडे भाजी मागितली, वाढून घेतली आणि म्हणाली, 'तुला सुचत नव्हतं ना आई, तेच बरं होतं.'

निरोप आला तो भालचंद्राची सोयरीक इंदूरला ठरल्याचा. मग दुसरी स्थळं पाहिली, पण ज्या घरी मुलाची आई एक दिवस भाजी होऊन पायरीवर बसेल, त्या घरची मुलगी कोण करणार? बायकांची मात्र गंमत बघा. त्या विजयाबाईंवर रागावल्या नाहीत. वर्षभर त्या विचारत राहिल्या, 'यंदा कोणाला करणार?' आणि आपल्याला करणार नाही की काय, या धास्तीनं लोणची-पापड घेऊन यायला लागल्या. सुनंदेचं कोणी विचारत नव्हतं. मला विचाराल तर त्या मायलेकींत दोघींचंही खरं होतं, आणि म्हणूनच मला अजून दोघींचाही राग येतो. त्या फणसाइतकं जिवंत मी काही पाहिलेलं नाही. आणि त्यासाठी पोरीचा संसार गेला, हेही मी विसरू शकत नाही.

पुढचा चैत्र छप्पन्नचा. नवं राज्य होणार हे पक्कं झालं होतं. राजधानी कुठं, कोणी जबलपूर म्हणे, कोणी भोपाळ, आणि घरोघरी एकच बोलणं, कोणाची बदली कुठं. विजयाबाई आता पायऱ्यांपुढे बसतच नव्हत्या. चैत्र लागला तशा बाजारात गेल्या आणि हात चालवायला लागल्या.

त्या वर्षी त्यांनी रेल्वे स्टेशन केलं. गाडी उभी, आणि गल्लीतली सगळी बिऱ्हाडं गाठोडी घेऊन धावताहेत. वांग्यांचे साहेब, त्यांच्यामागे भेंड्यांचे कारकून, फायली डोक्यावर. स्टेशनच्या पाटीवर नावच लिहिलेलं नव्हतं. पाहून लोकांचे डोळे पाणावले, हसूनही आणि तसेही. आणि फलाटाच्या टोकाला, सगळी गर्दी जिच्याकडे पाठ करून धावत होती, तिथं एका बाकावर एक ककडी बसली होती. लांब, शेलाटी, कोवळेपण नुकतंच संपलेली. वर टिंड्याचं डोकं, बांबूच्या काडीवर खोचलेलं, खाली झुकलेलं. हातात मोगऱ्याच्या कळ्यांचा बारीकसा हार, कोणाच्या गळ्यात घालायचा राहून गेलेला.

बायकांना हसू आलं. 'ही कोण गं?' 'सुकून राहिली बिचारी.' एकीनं ओळखलं आणि दुसरीला कोपरानं ढोसलं, आणि मग ते हसू दबक्या आवाजात खोलीभर पसरत गेलं.

सुनंदा पन्ह्याचे पेले घेऊन आली. आराशीपुढे तिनं तबक खाली ठेवलं. तिला एका नजरेत कळलं. त्या खोलीत इतक्या बायका येऊन गेल्या, कोणाला कधी स्वतःला ओळखता आलं नाही, आणि ती ओळखायला क्षणभरही थांबली नाही. मला वाटलं, आता ती ते स्टेशन उधळून देईल. देती तर मी तिला हात लावून मदत केली असती.

तिनं उधळलं नाही. ती वाकली, आणि दोन बोटांत ते टिंड्याचं डोकं धरून हलकेच सरळ केलं. ककडी ताठ बसली.

'मी इतकी वाकत नाही, आई,' ती म्हणाली.

विजयाबाई आल्या. त्यांनी मुलीकडे पाहिलं नाही. दोन पावलं मागे सरून त्यांनी आराशीकडे पाहिलं, मान जरा कलती केली, पुढं झाल्या आणि बोटानं ते डोकं दाबून पहिल्यासारखं खाली झुकवलं.

'आता बरोबर,' म्हणाल्या.

सुनंदेनं तबक उचललं आणि सगळ्यांना पन्हं दिलं. माझ्या पेल्यातलं जरासं सांडलं, बाकी काही नाही.

वर्षअखेर राज्य झालं, मुकुंदरावांची कचेरी भोपाळला गेली आणि बिऱ्हाड हललं. सुनंदा गेली नाही. मुलींच्या शाळेत तिनं नोकरी धरली आणि आमच्या गल्लीपासून लांब एक खोली घेतली. भोपाळात विजयाबाईंच्या आराशीचं फार नाव झालं, तिकडून येणारी माणसं सांगत. लोक रांगा लावत म्हणे. सुनंदा ती बघायला एकदाही गेली नाही.